जवस-धने-सब्जाचं पाणी: गरम वाफांसाठी घरी केलेलं पेय, सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, हा कुठल्या कंपनीच्या पाकिटाचा रिव्ह्यू नाहीये, घरात करायच्या पेयाचा आहे. पाळी जायच्या वयात ज्या गरम वाफा येतात ना, छातीतून एकदम आग वर चढते, मान, कान, गाल तापतात, केसांच्या मुळाशी घाम फुटतो आणि पाचेक मिनिटांत ओल्या ब्लाऊजमधे उलट थंडी वाजायला लागते, त्यावर उपाय म्हणून हे पेय सध्या बायकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय. कुणी जवसाचं पाणी म्हणतं, कुणी सब्जाचं, कुणी धने-बडीशेपेचं, आणि सगळीकडे दावा एकच, की वाफा पूर्ण बंद होतात, गोळ्या घ्यायची गरज नाही. मी नागपूरला राहते, इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरसमोर बसून सुद्धा जीव कासावीस होतो आणि त्यात वरून या वाफा, त्यामुळे मला करून बघायचंच होतं. भर उन्हाळ्यात सुरू केलं आणि थंडी लागेपर्यंत नेमाने प्यायले, मधे मधे वेगवेगळ्या पद्धती करून बघितल्या, म्हणून आता नीट लिहितेय.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल इथेच देते. पेय म्हणून पाचपैकी साडेचार. पोट साफ होण्यासाठी पाचपैकी चार. वाफांवरचं औषध म्हणून पाचपैकी दीड, फार तर दोन. आणि हा शेवटचा आकडा का कमी आहे ते मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका केवळ "बिया सुरू केल्यात ना, बघू" म्हणून वर्ष वर्ष रात्रीची झोप घालवून बसल्यात.

पहिल्यांदा यात काय काय जातं ते. एका ग्लासाला एक मोठा चमचा जवसाची पूड, एक छोटा चमचा धने, अर्धा छोटा चमचा बडीशेप, एक छोटा चमचा सब्जा, अर्धं लिंबू, चिमूटभर सैंधव. साखर नाही. खडीसाखर घालायची पद्धत आहे, पण या वयात शुगर तशीही वर सरकायला लागते त्यामुळे मी घालत नाही, ज्यांना शुगरचा त्रास नाही त्यांनी एखादा खडा टाकला तर चव छान येते.

धने आणि बडीशेप जाडसर ठेचायची, पूड नाही करायची, नुसतं खलबत्त्यात चार दणके द्यायचे, आणि रात्री माठातल्या पाण्यात भिजवून झाकून ठेवायची. सकाळी हाताने थोडी कुस्करून गाळून घ्यायची. ही पद्धत ग्रुपवाल्यांनी शोधलेली नाही, आयुर्वेदात याला हिम म्हणतात, औषध रात्रभर थंड पाण्यात भिजवायचं, उकळायचं नाही, आणि धन्याचा हिम अंगातली आग आणि तहान यासाठी फार जुन्या काळापासून देतात. माझी आई उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की हेच द्यायची. उकळून काढा केला तर चव कडवट लागते आणि गरम गरम प्यायलं तर वाफ हटकून येते, निदान मला तरी, त्यामुळे उकळू नका.

जवस मात्र भाजायलाच हवेत. जाड बुडाच्या कढईत, मंद गॅसवर, तडतड आवाज यायला लागला आणि एखादा दाणा उडाला की बास. जास्त भाजले तर कडू होतात. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधे थांबून थांबून फिरवायचे, सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. अख्खे जवस गिळण्यात काही अर्थ नाही, वरचं कवच इतकं चिवट असतं की जसे गेले तसेच बाहेर येतात, म्हणून पूड. आणि पूड एकदम महिन्याची करून ठेवू नका. जवसात जे ओमेगा-३ असतं ते हवेशी संबंध आला की लवकर खवट होतं. आठवड्यापुरती करायची, काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमधे ठेवायची. वास घेऊन बघा, ऑइलपेंटसारखा वास आला की सरळ टाकून द्या, जवसाचं तेल रंगात वापरतात ते उगीच नाही.

सब्जा वेगळा भिजवायचा, पंधरा मिनिटं, भरपूर पाण्यात. दाणे फुगून चांगले गुबगुबीत झाले पाहिजेत. मग धने-बडीशेपेच्या पाण्यात लिंबू, सैंधव, सब्जा, आणि जवसाची पूड अगदी शेवटी, प्यायच्या क्षणी. ही एक गोष्ट कुठल्याच फॉरवर्डमधे लिहिलेली नसते आणि तिथेच बायका कंटाळून सोडून देतात. जवसाची पूड पाण्यात दहा मिनिटं राहिली तरी शेंबडासारखी चिकट होते, मग ते घशाखाली उतरत नाही. शेवटी घाला, ढवळा, प्या, आणि वरून एक ग्लास साधं पाणी प्या. वरचं पाणी ऑप्शनल नाही. जवस आणि सब्जा दोन्ही पाणी शोषून फुगणारे, पाणी कमी पडलं तर पोट साफ व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतं.

चवीबद्दल. लिंबाची पद्धत सकाळी बरी लागते, बडीशेपेचा गोडवा आणि धन्याचा वास, उन्हाळ्यात मस्त. पण माझी आवडती पद्धत दुसरी, ताकातली. पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, थोडा चिरलेला सांभार (म्हणजे कोथिंबीर), आणि जवसाची पूड. यात जवसाचा तो खमंगपणा इतका जुळून येतो की औषध घेतोय असं वाटतच नाही, आमच्याकडे यजमान सुद्धा मागून घ्यायला लागले. विदर्भात जवस काही नवीन नाही, पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांमधे धान निघता निघता जवस टाकतात, जवसाचं तेल खाण्यात होतं, भाकरीसोबत जवसाची चटणी तर घरोघरी. शहरात आता "फ्लॅक्स सीड्स" नावाने छोट्या पाउचमधे तेच चौपट भावात विकतात त्याचं मात्र वाईट वाटतं. इथल्या इतवारी बाजारात किराण्याच्या दुकानातून सुटे घेतले तर पाव किलो जवस तीस-चाळीस रुपयांत येतात. सब्जा तेवढा महाग, शंभर ग्रॅमला चाळीस-पन्नास. लिंबू धरून सुद्धा एक ग्लास दहा रुपयांच्या आत पडतो, त्यामुळे खर्चाला पैकीच्या पैकी मार्क.

मेथीची पद्धत पण काही जणी सांगतात, रात्री एक चमचा मेथ्या भिजवून सकाळी पाणी पिऊन दाणे चावून खायचे. ती मी थोडे दिवसच केली. कडू तर आहेच, पण माझा मुद्दा वेगळा आहे, मेथीने घामाला एक गोडसर वास येतो, आणि ज्या बाईला दिवसातून दहा वेळा घाम फुटतोय तिला तो वास किती त्रासाचा होतो ते तिलाच विचारा, मी ऑफिसात सारखी स्वतःचाच वास घेत बसायचे. शिवाय मेथीने शुगर उतरते. माझ्या जाऊबाईंना शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी गोळी आणि मेथीचं पाणी दोन्ही रिकाम्या पोटी घेतलं, हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला आणि त्यांना वाटलं ही पण वाफच. ग्लुकोमीटर लावला तेव्हा शुगर खाली गेलेली. म्हणून सांगते, शुगरच्या गोळ्या असतील तर मेथी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता मुख्य विषय. वाफा कमी झाल्या का?

मी डायरीत रोज टिक करायचे, दिवसाच्या वाफा वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, सोबत झोप कशी झाली, चहा किती झाला, पेय घेतलं की नाही. सुरुवातीच्या दिवसांत दिवसाच्या वाफा थोड्या कमी झाल्यासारख्या वाटल्या, मी खूश, दोन मैत्रिणींना लगेच रेसिपी पाठवली. पोट नियमित साफ व्हायला लागलं हा फायदा तर खराच होता, दुपारचं जडपण गेलं. पण रात्रीच्या वाफांना काडीचाही फरक नाही. रात्री दोन-अडीचला घामाने मान भिजून जाग यायची ती यायचीच, गाऊन बदलायचा, पंखा वाढवायचा, मग यजमानांना थंडी वाजते म्हणून परत कमी करायचा, आणि पहाटेपर्यंत टक्क डोळे उघडे. आणि नंतर डायरी नीट बघितली तेव्हा लक्षात आलं की ज्या दिवसांत दिवसाच्या वाफा कमी होत्या त्या दिवसांत मी दुपारचा गरम चहा सोडून त्या वेळी ताक घेत होते. मग फरक जवसाचा की चहा सुटल्याचा? की तो आठवडाच हलका होता? वाफा अशाच असतात, काही आठवडे झुंडीने येतात, मग जरा शांत होतात, परत येतात. त्या शांत आठवड्यात तुम्ही जे काही खात-पीत असाल त्याला श्रेय मिळतं.

वाफ सुरू होतेय असं वाटलं की थंड ग्लास हातात धरून घोट घोट प्यायला बरं वाटतं हे मात्र नक्की. ती वाफ थांबत नाही, पण ती दोन-चार मिनिटं सुसह्य होतात. तेवढं काम साधं माठाचं पाणी पण करतं.

हे फक्त माझंच असं आहे का म्हणून मग शोधून वाचलं. जवसावर खरंच अभ्यास झालेत आणि ती गोष्ट प्रत्येक बाईला माहिती असायला हवी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ मधे एक छोटा अभ्यास छापला, तीसेक बायका होत्या त्यात, रोज ४० ग्रॅम जवसाचा भरडा, सहा आठवडे, आणि वाफा जवळपास निम्म्यावर आल्या. झालं, ग्रुपवर जे "संशोधनाने सिद्ध" म्हणून फिरतं त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, सगळ्यांनाच माहिती होतं की आपण जवस खातोय. मग त्याच लोकांनी मोठा अभ्यास केला, १८८ बायका, निम्म्यांना जवसाचा बार, त्यात ४१० मिलिग्रॅम लिग्नन (जवसातला एक घटक, त्याबद्दल पुढे सांगते), आणि निम्म्यांना तसाच दिसणारा पण जवस नसलेला बार, कोणाला काय मिळालंय ते सांगायचं नाही. २०१२ मधे तो छापून आला. निकाल काय, तर दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांशाहून थोड्या जास्त बायकांच्या वाफा निम्म्यावर आल्या. दोन्ही गटांत! म्हणजे जवस नसलेला बार खाणाऱ्या बायकांनाही तेवढाच फरक पडला. आणि पोट फुगणं, जुलाब हे त्रास पण दोन्हीकडे होते.

मला हे वाचून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, मला त्या संशोधकांचं कौतुक वाटलं, की आपलाच आधीचा आनंदाचा निकाल त्यांनी स्वतः परत तपासून बघितला आणि नाही निघाला तर तसं छापलं. पहिला अभ्यास सगळीकडे फिरतो, दुसरा कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि अजून एक बघा, पहिल्या अभ्यासात ४० ग्रॅम होते, म्हणजे पुडीचे पाच-सहा मोठे चमचे रोज. आपण ग्लासात टाकतो एक चमचा, सात-आठ ग्रॅम. मी एकदा तीन चमच्यांपर्यंत वाढवून बघितलं, पोटात इतका गॅस झाला की ऑफिसच्या मीटिंगमधे बसवेना.

आता असं का होतं तेही थोडं सांगते कारण डॉक्टर मॅडमनी मला ते फार छान समजावलं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की तो फार हळवा होतो, अंगाचं तापमान अगदी किंचित जरी वर गेलं तरी त्याला वाटतं शरीर तापलंय, आणि तो लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, ठोके वाढवतो. म्हणजे पोटात "उष्णता" साठलीये आणि थंड बियांनी ती उतरेल असा हा मामलाच नाही, सगळं मेंदूत चालू असतं. जवसातले जे लिग्नन म्हणतात ते आतड्यातल्या जिवाणूंनी तोडले की त्यातून इस्ट्रोजेनसारखा अगदी दुबळा परिणाम करणारा पदार्थ तयार होतो, हे खरं आहे, म्हणूनच आशा होती. पण कुणाच्या पोटात तो किती तयार होईल ते प्रत्येकीचं वेगळं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर आणखी कमी. आणि धने, बडीशेप, सब्जा यांच्या थंडाव्याबद्दल म्हणाल तर उन्हाळ्याच्या तलखीला ते छानच आहेत, तलखी आणि वाफ या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या ओळखणं अवघड जातं हे मान्य. माझी खूण अशी की तलखी कूलरसमोर बसलं की हळूहळू उतरते, वाफ कूलरसमोर बसलेली असताना सुद्धा अचानक येते आणि आपली आपण जाते.

मग मी डॉक्टरांकडे गेले ते का, तर झोप. दिवसाचं निभावून नेता येतं, पण महिनोन्महिने झोप नाही म्हटल्यावर माणूस चिडचिडा होतो, ऑफिसात साधी बेरीज दोनदा करावी लागते, उगीच डोळे भरून येतात. मॅडमनी आधी ब्लड प्रेशर बघितलं, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन तपासलं, मॅमोग्राफी करायला सांगितली. थायरॉइड वाढलेलं असेल तरी असंच गरम होतं, घाम येतो, धडधडतं, त्यामुळे सगळंच पाळीवर ढकलू नये म्हणाल्या. मी माझी डायरी आणि या पेयाची रेसिपी दोन्ही दाखवली. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "पित राहा, पोटाला चांगलंच आहे, पण याच्या भरवशावर झोप घालवू नका," असं म्हणाल्या, आणि मग औषधांचे पर्याय सांगितले.

वाफांवर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे हार्मोनची ट्रीटमेंट, ही गोष्ट आपल्याकडे बायकांना कुणी सरळ सांगतच नाही. कॅन्सर होतो म्हणून सरसकट भीती घातली जाते. ती भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांनंतर पसरली, पण त्यात बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या. आता डॉक्टर मंडळी असं धरतात की वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि बाकी काही धोका नसेल, तर बहुतेक बायकांना फायदा तोट्यापेक्षा जास्त. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताच्या गुठळ्या झाल्यात, लिव्हरचा आजार आहे, त्यांना ते देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोनशिवायची औषधं आहेत, डिप्रेशनसाठी वापरतात त्यातलीच काही कमी डोसमधे, रात्रीच्या वाफांना गॅबापेंटिन. २०२३ मधे अमेरिकेतल्या द मेनोपॉज सोसायटीने हार्मोनशिवायचे सगळे उपाय एकेक करून तपासले, त्यात ही औषधं, वजन कमी करणं, सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत हे शिफारशीत आहे, सप्लिमेंट आणि जडीबुटी नाही. त्याच वर्षी तिकडे फेझोलिनेटँट नावाचं नवीन औषध मंजूर झालं, ते हार्मोन नाही, मेंदूतल्या त्याच तापमानाच्या यंत्रणेवर काम करतं.

माझं सगळं तपासून मॅडमनी मला इस्ट्रोजेनचं जेल दिलं, हाताला लावायचं, आणि सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, कारण गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. काही आठवड्यांत रात्रीची जाग जवळजवळ गेली. बियांच्या पाण्याने जे इतके महिने झालं नाही ते याने झालं, हे मला कुणालाही नाव न ठेवता, अगदी स्पष्ट लिहायचंय. प्रत्येकीला हेच द्यावं असं मी म्हणत नाहीये, ते तुमच्या डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट बघून ठरवायचं. पण जाऊन विचारा तरी. अमेरिकेतला स्वॉन नावाचा मोठा अभ्यास आहे, २०१५ मधे त्यात असं दिसलं की ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांचा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त चालतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर. म्हणजे ऐन नोकरीची, मुलांच्या दहावी-बारावीची, सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची ही वर्षं, आणि "सगळ्यांनाच होतं, सहन करायचं" म्हणून ती अशी काढायची? आमच्या आया, मावश्यांनी काढली, कुणाला सांगितलं पण नाही. आपण का काढायची.

हे पेय कुणी जपून प्यावं ते लिहिते. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर त्याच्या लगोलग हे नको, जवसाच्या फायबरने गोळी नीट शोषली जात नाही, काही तासांचं अंतर ठेवा, म्हणूनच मी सांगते की ताकातलं दुपारचं बरं. बाकी कुठलीही गोळी असेल तरी एकदम सोबत नको. रक्त पातळ व्हायची औषधं चालू असतील, ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल किंवा चालू असेल, ऑपरेशन ठरलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं, थेंबभर जरी दिसलं, तर बिया-बिया काही न करता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. माझ्या एका नात्यातल्या बाईंनी "उष्णतेने झालं असेल" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पिण्यात मोलाचे महिने घालवले, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

आता त्या पाकिटांबद्दल. सीड सायकलिंग म्हणून इंस्टाग्रामवर डबे विकायला आहेत, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्या पंधरवड्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या, म्हणे हार्मोन बॅलन्स होतात. एक मैत्रीण मागवते, छोट्या डब्याला पाचशेच्या वर मोजते. पाळीच्या चक्राप्रमाणे बिया बदलायच्या असं ते सांगतात, पण ज्या बाईची पाळीच गेलीये तिचं चक्र कुठलं? तर त्यांनी तिला अमावस्या-पौर्णिमा धरायला सांगितलंय. चंद्राच्या हिशोबाने जवस खाल्ले तर जास्त लागू पडतात याला काहीही आधार नाही. बिया चांगल्याच आहेत, चारही चांगल्या आहेत, पण त्या किराण्यातून आणा, घरी भाजा, ते पाचशे रुपये एखाद्या चांगल्या डॉक्टरच्या फीला ठेवा. त्या डब्यांमधल्या पुडीला बरेचदा खवट वास पण येतो, कधी दळलीये कोण जाणे.

शेवटी सब्जाबद्दल एक आणि थंडीबद्दल एक. सब्जा कोरडा कधीही तोंडात टाकू नका आणि अर्धवट भिजलेला तर अजिबात नको, घशात फुगून अडकू शकतो, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या ग्लासात सब्जा घालूच नका. आणि थंडीत हे गार पाणी नको वाटतं, मी पण संक्रांतीच्या सुमाराला धने-सब्जा बंद केलं. तेव्हा जवसाची पूड ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरी करते, दोन भाकऱ्यांना एक मोठा चमचा, किंवा लसूण, तिखट, मीठ घालून चटणी. जवसाने भाकरीचं पीठ जरा चिकट येतं त्यामुळे पाणी थोडं कमी घालायचं आणि थापताना हाताला जास्त पीठ लावायचं, म्हणजे मोडत नाही.